निराळीची वाट

न्हाई न्हाई शिवमूर्तीआप्पा, तिकडून न्हाई, इकडून — ह्या डोंगराच्या पायवाटंनं. हाव, ती सडक सरळ जातीय गावाला, कोण न्हाई म्हणतंय, पण ती गाड्याची सडक हाय, घोट्याइतका फुफाटा हाय तिच्यात, आन तुमचं धोतर बगा कसं बगळ्यावाणी. सोयरिकीच्या कामाला आलात, मुलीचा बाप म्हणून पहिल्यांदा आमच्या दारात पाय ठिवणार, तर काय फुफाट्यानं भरलेला ठिवणार? मुलाचा मामा हाय मी, लोक मलाच नावं ठिवतील — मडिवाळप्पा फाट्यावर पावण्याला आणायला गेला आन पिठाच्या गिरणीतून काढून आणला म्हणतील. डोंगरानं जाऊ. डोंगरानं सावली हाय. म्हणजे झाडं हायत, पानं तेवढी गळालीत, पण फांदीची सावली बी सावलीच म्हणायची. आन वाट कशी शांत, चिटपाखरू न्हाई. चला. पिशवी द्या इकडं. न्हाई देत? बरं, ऱ्हाऊ द्या.

हां, ती पाटी. वाचलात तुम्ही. आमच्याच गावाची हाय ती, बरोबर वाचलात, निराळी. आता गावाचं खरं नाव नीरहळ्ळी. नीर म्हणजे पाणी, हळ्ळी म्हणजे गाव — कानडी हाय ते, तुम्ही कंधारकडले, तुमच्या नांदेड जिल्ह्यात कुठली कानडी, म्हणून फोडून सांगून ऱ्हायलो. तर आता नवा जिल्हा झाला का न्हाई — उस्मानाबादचं लातूर झालं आमचं — तवा फाट्याफाट्यावरच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या निघाल्या, आन कुण्या गुत्तेदारानं पेंटर धरून आणला तो कुठला लांबचा, त्याला हिकडची हवा न्हाई का भाषा न्हाई. त्यानं फाट्यावर बसलेल्या आमच्या एका बुढ्ढ्याला इचारलं, गावाचं नाव काय? बुढ्ढ्याच्या तोंडात एक दात न्हाई, त्यो म्हणला नीरहळ्ळी, पण दाताबिगर ते जे काय निघालं ते पेंटरनं लिव्हलं — निराळी. आम्ही गेलो भांडायला. तर म्हणतो कसा, निराळी शब्दाला काही अर्थ तर हाय, तुमच्या त्या नीरहळ्ळीला काय अर्थ हाय? आता बोला. ज्या गावाच्या नावातच पाणी हाय, त्याला अर्थ न्हाई म्हणतो. म्हणून म्हणलं, नाव सोनूबाई आन हाती— न्हाई, ती म्हण हितं बसत न्हाई. दुसरीच आठवायची व्हती मला. चला, हितनं जरा चढ हाय.

लांब? छ्या. एका बिडीची वाट. आमच्याकडं असंच मोजतेत बगा — बिडी पेटवायची, चालायला लागायचं, बिडी संपली की गाव. तुम्ही वढत न्हाई? मी बी न्हाई. तीच तर अडचण हाय, न वढणाऱ्याला बिडी कुठं संपली ते कळत न्हाई, म्हणून वाट लांब वाटून ऱ्हायती. एऱ्हवी जवळच हाय. आन जिल्हा जवळ आल्यापासून तर सगळंच जवळ झालंय. पहिलं साहेबाला दुष्काळ दाखवायचा म्हणलं तर उस्मानाबादहून येस्तोवर साहेबाला झोप लागायची, आता लातूरहून येतो आन जाग्या डोळ्यानं बघून जातो. दुष्काळ म्हणलो का मी? दुष्काळ न्हाई हो, उघडीप हाय जरा. मागच्या साली लागलेली उघडीप हाय ती, थोडी लांबली, दुसरं काही न्हाई.

तुम्ही लई कमी बोलता आप्पा. चांगलं हाय. मी बोलतो, माझा धंदाच त्यो — देवणीचा बाजार, उदगीरचा बाजार, पाल ठोकायचं आन तयार कपडे इकायचे. गिऱ्हाईक गप बसलं की आपण दुप्पट बोलायचं हे आमच्या बापानं शिकवलेलं. गप गिऱ्हाईक एक तर घेणार असतंय, न्हाईतर डाग बघून बसलेलं असतंय. आन डाग काय, कुठल्या कापडाला न्हाई? घडी अशी घालायची की डाग आत जातो. ती काही फसवणूक न्हाई आप्पा, ती घडी हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. — आता हे मी तुम्हाला काहून सांगून ऱ्हायलो? असंच, वाट सरावी म्हणून. तर सिद्धराम. मुलगा म्हणाल तर माझा भाचा म्हणून सांगत न्हाई, पण व्यसन न्हाई, वावर हाय, अंगानं धडधाकट हाय, देवणी जातीची बैलजोडी हाय — सध्या मामेभावाकडं पाठवलीय, तिकडं चारा… तिकडं हवा चांगली हाय बैलांना. भाऊजी गेले तवा हे पोरगं एवढं व्हतं. गंगम्मानं, माझ्या बहिणीनं, एकटीनं वाढवलं. आता तिचं गुडघं धरलंय, घरात सून आली की ती बी सुखानं दोन दिवस बसंल, एवढंच मनात हाय माझ्या. ह्या आधी दोन ठिकाणं आली व्हती की. आम्हीच न्हाई म्हणलं. म्हणजे त्यांनी आधी म्हणलं, मग आम्ही बी म्हणलं. पत्रिका जुळली न्हाई. — आपल्यात पत्रिका बघत न्हाईत? हाव, बघत न्हाईत. म्हणून तर जुळली न्हाई.

बसा हितं दगडावर. बगा कसा मुलूख दिसतोय. तो निळा डोंगर दिसतोय ना, त्याच्या पलीकडं कर्नाटक, आन ह्या हाताला तसंच उतरत गेलं की तेलंगी मुलूख; आमच्याकडं माणूस सकाळी मराठीत उठतो, दुपारी कानडीत जेवतो आन भांडण निघालं की उर्दूत शिव्या देतो. आन ती पांढरी रेघ दिसती का, वाकडी वाकडी गेलेली? ती नदी. पांढरी काहून? ऊन पडलंय ना पाण्यावर, चमकतंय. वाळू? वाळूच म्हणा, पण नदीला वाळू असणारच की आप्पा, नदीत काय गादी घालतेत का? वाळूच्या खाली पाणी असतंय. त्याच्या खाली नसलं तर आणखी खाली असतंय. पाणी असतंय हो, माणसानं खाली किती जायचं त्याला धरबंद न्हाई. उठायचं? दमलात का? तुम्ही तर माझ्यापेक्षा ताठ चालून ऱ्हायलात. कंधारात तुमचं किराणा दुकान ना? दिवसभर गादीवर बसणारा माणूस असा चालत न्हाई. मला वाटलं व्हतं तुम्ही पहिल्याच चढाला बसाल आन आपण तिथंच बसू निवांत, सावलीला, चार वाजेस्तोवर. — चार काहून? असंच म्हणलं. चार वाजता ऊन उतरतं.

थांबा, ही कमलम्मा. शेरडं चारती, पलीकडच्या वाडीवरची धनगरीण हाय, हिला मराठी येत न्हाई, हिच्याशी कानडीतच बोलावं लागतंय. काय? पाणी पाहिजे तुम्हाला? इचारतो की. — ऐकलात? नीर इल्ला म्हणली. म्हणजे बगा, इल्ली म्हणजे हितं. नीर इल्ली, पाणी हितंच हाय, पुढं. इल्ला ऐकलात तुम्ही? ती खेडवळ हाय, इल्लीला इल्ला म्हणती, एका वेलांटीनं काय मोठा फरक पडतोय. हात हलवला ते? ते तिनं असा चौफेर हलवला, म्हणजे हितं बी पाणी, तितं बी पाणी, सगळीकडं पाणी. आन त्याच्या आधी मी तिला लांबलचक काय बोललो? काही न्हाई, शेरडं कशी हायत इचारलं. शेरडं दहा हायत तिची, एकेकीचं इचारायचं म्हणलं तर बोलणं लांबणारच. — हसली काहून? हसू द्या. माणूस बघून हसतेत ह्या बायका, आमचा सबंध मुलूखच हसरा हाय.

आता हितं ह्या लिंबाखाली डबा सोडू. गंगम्मानं धपाटे दिलेत, शेंगाची चटणी दिलीय, दह्याची वाटी दिलीय फडक्यात बांधून. जवळच गाव असताना डबा काहून आणला म्हणता? हे बरं इचारलंत. हे असं हाय — आमच्यात पावण्याला रिकाम्या पोटी घरी न्यायचं न्हाई. भुकेला पावणा घरात शिरला की घराला बोल लागतो. तुमच्यात न्हाई ही पद्धत? आपण दोघं बी लिंगायत, पण नांदेड जिल्ह्यात न्हाई, लातूर जिल्ह्यात हाय. नवी पद्धत हाय, जिल्ह्याबरोबरच निघाली. खावा. चटणी घ्या आणखी. आन हा फिरकीचा तांब्या, हे पाणी तुमच्यासाठी, सगळं प्या. मला नको. मला डोंगरात तहान लागत न्हाई, लहानपणापासून तसंच हाय. न्हाई, खरंच. — आवो आर्धं काहून ठिवलंत? घ्या की. न्हाई? बरं, तुमचा मान म्हणून दोन घोट घेतो.

…

चांगलं लागलं. लई चांगलं लागलं बगा. म्हणजे तहान नसताना बी चांगलं लागलं.

चला. आता हे एवढं टेकाड वलांडलं की झालं. हाव, मघाच्या टेकाडाला बी असंच म्हणलो व्हतो, पण ते टेकाड वेगळं. एक मात्र मानलं तुम्हाला, दुसरा कुणी असता तर आतापस्तोर चार वेळा इचारला असता, मडिवाळप्पा, गाव कुठं हाय, आन तुम्ही नुसते चालून ऱ्हायलात. अशानं माझंच जड होऊन ऱ्हायलंय. माणसानं थोडं तरी चिडावं. माझी मेव्हणी व्हती अशीच गप, तिच्यासमोर बसलं की माणूस आपल्या आपण सगळं सांगून मोकळा व्हायचा, तिनं काही इचारलेलं नसताना. म्हणून मी तिच्याकडं जायचंच बंद केलं. — काय? हे झाड मघाशी बघितलं? छ्या. पळस सगळे सारखेच दिसतेत. लाल चिंधी बांधलेली? नवसाची असती ती, सगळ्या झाडाला बांधतेत. त्याच रंगाची, तशीच फाटलेली? आता बाजारात एकच रंग आला तर लोकांनी काय करावं, मीच इकलेली असंल. आन मी सारखा खाली सडकंकडं बघत न्हाई, मानंला झटका हाय माझ्या, त्या बाजूला आपोआप फिरती. धूळ उडालेली दिसती का बघतो. म्हणजे सडकंवर गाडी आली तर कळावं म्हणून. कसली गाडी? कसली बी. गाडी म्हणलं की गाडी. चार वाजून गेले असतील का हो? सावली बगा कुठवर आली. यायला पाहिजे व्हती आतापस्तोर.

आलो बगा माथ्यावर. हितनं आता — हे कोण येऊन ऱ्हायलंय? संगप्पा. आमच्याच गावचा, सायकलला घागरी बांधून निघालाय. रिकाम्या न्हाईत त्या, तशा वाजतेत. म्हणजे रिकाम्याच हायत, घासायला निघाला असंल. कुठं घासायला? हेच इचारतो मी त्याला. — संगप्पा — हां — हं — अरं हळू बोल. काय न्हाई आप्पा, म्हणतोय पावण्याला शरणार्थ सांगा. म्हणतोय गावात सगळं ठीक हाय, बारव काठोकाठ हाय, बायका पाणी सांडून ऱ्हायल्यात म्हणून. टँकर? टँकर शब्द ऐकलात तुम्ही? तो कानडी शब्द हाय. कानडीत भारदस्त माणसाला टँकर म्हणतेत. तुम्हाला बघून म्हणला तो, केवढा मोठा टँकर आलाय आपल्या गावाला. तसंच इचारून ऱ्हायला की हे—

आप्पा.

आता तुम्ही काय इचारलंत त्याला? 'टँकर एल्ली निंतद?' टँकर कुठं थांबलाय. हे तुम्ही इचारलंत. तुमच्या तोंडानं. आमच्यापेक्षा चांगल्या कानडीत.

बसतो मी जरा. तुम्हाला कानडी येतंय. आईचं माहेर भालकी. वा. मग हे सकाळी सांगायचं का न्हाई, का हे बी आमच्यासारखं घडीच्या आत ठिवलेलं? म्हणजे नीर म्हणजे पाणी हे मी तुम्हाला शिकवलं, आन इल्ला म्हणजे न्हाई हे तुम्हाला आधीच ठावं. म्हणजे कमलम्मापाशी मी जे म्हणलो — हे मुलीकडलं माणूस हाय, पाणी हाय म्हणून सांग, तुला लुगडं देतो — ते बी कळलं. आन ती जे म्हणली, मडिवाळप्पा तुझ्या लुगड्यात मी पाणी भरू का, ते बी कळलं. सगळं कळत व्हतं तर एका शब्दानं बोलायचं न्हाई का? — मी बोलू दिलं न्हाई? हे मात्र खरं हाय.

संगप्पा, तू जा. जा बाबा, उजेड हाय तोवर भरून आण. तुला तरी कुठं मिळतंय का बघ.

तर आता कळलंच हाय तर ऐका. न्हाई पाणी. गावात एका हिरीला पाणी न्हाई, आड कोरडा, बारव कोरडी, बारवंत पोरं गोट्या खेळून ऱ्हायलीत. टँकर येतो, त्याच्या मर्जीनं येतो. आज दुपारी येणार व्हता. म्हणून माझी मसलत अशी व्हती, की तुम्हाला ह्या डोंगरात फिरवायचं, तोवर टँकर बारवंत ओततेत, मग वरच्या अंगानं महादेवाच्या देवळापाशी उतरवायचं — बारवंच्या पायऱ्यावरून खाली बघितलं की पाणीच पाणी. तुम्ही खूश, गंगम्मा खूश. आधीचे दोघं बाप काहून गेले म्हणता, तर बारवंत वाकून बघितलं आन चहा न घेता गेले. एक तर म्हणला, माझी लेक काय मी पाणी वाहायला वाढवली का? त्याचं काय चुकलं, मला लेक असती तर मी बी हेच म्हणलो असतो. आन आज टँकर कुठं हाय? ऐकलातच तुम्ही. ड्रायव्हर नवा, त्याला सांगितलेलं नीरहळ्ळी, तो फाट्यावर आला, पाटी वाचली, म्हणला हे तर निराळी, हे गाव निराळं, आन गेला तसाच पुढं. दिवसभर मी तुम्हाला फिरवलं आप्पा, आन त्या पेंटरनं मला फिरवलं.

माझं सोडा, माझा धंदाच त्यो. पण हे सगळं करायची पाळी कुणी आणली, तर त्या सिद्धरामानं. पोरगं येडं हाय. आता लपवून काय करू, सोयरीक तर मोडलीच हाय, ऐकून घ्या कसल्या घरातून वाचलात ते. काल मला म्हणतो, मामा, पावण्याला सडकंनंच आणा, सगळ्या हिरी दाखवा, वाकून बघू द्या, मग काय म्हणायचं ते म्हणू द्या. मी म्हणलं, अरं, मग ते न्हाई म्हणतील. तर म्हणतो, म्हणू द्या की, त्यांची लेक हाय. फसवून आणली तर ती उद्या माझ्या आईकडं कुठल्या डोळ्यानं बघंल? आता ह्याला काय म्हणावं? लग्न करायचंय का न्यायनिवाडा करायचाय? मी त्याला सांगितलंच न्हाई डोंगराचं. तो तिकडं सडकंला, पहिल्या हिरीपाशी, सकाळपासून आपली वाट बघत बसला असंल — म्हणतो, मीच दाखवतो त्यांना. बसला असंल अजून. उठायचा न्हाई तो.

आन हे काहीच न्हाई. गंगम्माला घागर उचलू देत न्हाई तो. बापय माणूस असून खांद्यावर कावड घेऊन लांब नाल्याच्या झऱ्यावर जातो, तितं बायकांच्या रांगेत हुबा ऱ्हातो, तासन्‌तास, वाटीवाटीनं भरून आणतो. गाव हसतंय. पारावरली पोरं पाणक्या म्हणतेत त्याला. मी म्हणलं, सिद्धराम, लग्नाचं वय हाय, अशानं कोण मुलगी देईल, लोक म्हणतील ह्या घरात बायकांची कामं बापय करतेत. तर हसतो. त्याच्या खांद्याला हे एवढाले घट्टे पडलेत, पाटलाच्या बैलाला नसतील असे. म्हणून मी त्याला माझ्या पालावरचा नवा टेरिकॉटचा सदरा दिला, बजावून सांगितलं, आज कावडीला हात लावायचा न्हाई आन गळ्याचं बटण उघडायचं न्हाई, घट्टे दिसले तर इज्जत जाईल. एवढं सगळं झाकलं आप्पा मी, एवढी चांगली घडी घातली व्हती.

मला वाईट वाटून ऱ्हायलंय. खरंच सांगतो, बाजारातलं न्हाई हे. तुमच्या पायाला फोड आले असतील. आन तिकडं गंगम्मा दारात रांगोळी काढून बसली असंल, आठवड्याचं साठवलेलं पाणी आज तुमच्या हातपाय धुवायला ठिवलंय तिनं. तिला काय सांगू? सांगतो काही तरी. मला सुचतं.

तुम्ही जावा. तो बगा खाली फाटा. हाव, सकाळचाच. गोल फिरून तितंच आलो आपण, आता काय लपवायचं. हितनं उतरलं की पाचव्या मिनिटाला — बरं, मिनिटाचं सोडा, माझ्या तोंडून अंतर ऐकू नका. उदगीरची शेवटची यष्टी येईल आता, तितनं कंधारची मिळंल. घरी सांगा, घर बघितलंच न्हाई, त्याच्या आधीच मामा बघितला. आन तुमच्या महानंदाला चांगलं घर मिळंल आप्पा, पाणी असलेलं. मी बाजारात ऐकतो अशी ठिकाणं, कळवीन तुम्हाला. खरी सांगीन. जावा.

हळू उतरा, हितं मुरूम घसरतोय. मी येतो फाट्यापस्तोर, पावण्याला एकटं सोडायचं न्हाई, ही पद्धत खरी हाय, मी काढलेली न्हाई. — ती बगा आलीच यष्टी. हात करा. आप्पा, हात करा की, थांबायची न्हाई ती. ओ डायव्हर, थांबा, थांबा, पावणं हाय. थांबली. चला, चढा, पायरी उंच हाय, धोतर सांभाळा. — आप्पा, दार इकडं हाय. आवो तिकडं कुठं? ओ कंडक्टर, एक मिनिट. आप्पा, ती आमच्या गावाची सडक हाय, ती सरळ — न्हाई हो, घंटी मारू नका, येऊन ऱ्हायलेत ते — आप्पा, शेवटची हाय ही.

गेली. गेली बगा यष्टी.

आप्पा, थांबा जरा, माझ्याच्यानं पळवत न्हाई. तितं फुफाटा हाय, घोट्याइतका. धोतर जाईल तुमचं. आन पुढं पहिलीच ती हीर लागती, तीत वाकून बघू नका, लई वाईट दिसती. तिच्या काठावर तो बसला असंल, त्याला काय सांगणार मी, दिवस मावळाय आला. मला पुढं होऊ द्या. मी आधी जाऊन त्याच्या कानावर घालतो, की पावण्यालाच डोंगर बघायची हौस व्हती, तुम्हीच हट्ट धरला, आन मग तुम्ही मागून सावकाश या, तोवर मी त्याचं वरचं बटण—

काय म्हणलात?

'सुम्न नडरी.'

हाव. गप चालतो.